गणू मांडवकरची अकरा वळणं

गणू मांडवकरला राग आला की तो गप्प होतो आणि दोन दिवस कुणाच्या शेजारी जेवायला बसत नाही, हे त्याच्या गँगमधल्या दहाही जणांना पाठ होतं. त्या मंगळवारी मात्र तो सकाळी साडेसहाला कंपनीच्या पिकअपमधून उतरला तोच बोलत उतरला. पाठीवर पिशवी, पिशवीत रबरी हातोडा, हातभर लांबीची पहार आणि डबा. दुबईच्या खाडीवर नोव्हेंबरातलं विरळ धुकं होतं आणि काठाकाठानं जाणाऱ्या वाटेवर रंगीत बुटांची माणसं धावायला लागली होती.

"निकृष्ट म्हणजे नक्की काय गं?" त्यानं मनालीला विचारलं.

मनाली त्याच्या कंपनीची साईट इंजिनिअर. वय सव्वीस, जन्म दुबईतला, शाळा ऊद मेथातली, आईवडील अजून करामातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये. साहेब लोकांशी इंग्रजी, ड्रायव्हरशी हिंदी आणि गणूशी घरातली मराठी. ती म्हणाली, "काका, नोटिशीतल्या शब्दाचा मी सांगितलेला अर्थ आहे तो. पूअर वर्कमनशिप. टेम्प्लेट असतं ते."

"म्हणजे वाईट काम."

"हो. पण ते प्रूव्ह व्हायचंय अजून. त्यासाठीच तर चाललोय ना आपण."

नोटीस गेल्या गुरुवारी आली होती. खाडीकाठची ही सात किलोमीटरची वाट दीड वर्षापूर्वी गणूच्या कंपनीनं बांधून दिली होती. तीन गँगांनी मिळून इंटरलॉक बसवले होते, म्हणजे एकमेकांत अडकणारे सिमेंटचे ठोकळे. आता ती पस्तीस ठिकाणी खचली होती. मालकाच्या वतीनं काम तपासणाऱ्या कन्सल्टंटनं लिहून कळवलं की सगळी वाट एका दिवसात पायी तपासायची, प्रत्येक खळग्याचं कारण तिथल्या तिथं लिहायचं आणि चूक बसवणाऱ्याची निघाली तर त्याचं नाव पुढच्या रकान्यात घालायचं. कंपनीत अशा रकान्यात नाव गेलेला माणूस पुढच्या महिन्यात विमानात दिसायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तीन मुकादमांपैकी एकाची बदली अबू धाबीला झाली होती, दुसरा मुलीच्या लग्नासाठी गावी गेला होता. हाताशी उरला गणू.

अठ्ठावीस वर्षांत त्याचं नाव कुठल्या रकान्यात गेलं नव्हतं. एप्रिलमध्ये तो स्वतः राजीनामा देऊन राजापूरकडच्या आपल्या गावी परतणार होता. कंपनीनं हाकलला म्हणून नाही, आपलं आपण काम संपवून. बायकोला, सत्यभामेला, त्यानं तसंच सांगून ठेवलं होतं आणि तिनं ते वाडीभर केलं होतं.

कन्सल्टंटकडून आलेली लायबा त्यांची वाट बघत उभी होती. डोक्याला स्कार्फ, वर पांढरं हेल्मेट, हातात टॅब्लेट. शारजात वाढलेली, बोलणं उर्दू वळणाचं आणि तोलूनमापून. तिनं गणूला सलाम केला, नाव विचारलं आणि म्हणाली की आजचा नियम एकच, डोळ्यांना दिसेल तेच लिहिलं जाईल.

"मॅडम, आँख को ऊपर का दिखता है," गणू म्हणाला. "गलती नीचे होती है."

मनालीनं त्याच्याकडे डोळे वटारले. लायबानं मात्र मान हलवली आणि तिघं चालायला लागली.

पहिला खळगा चारशे मीटरवरच सापडला. खजुराच्या आळ्याला लागून एका खाटेएवढी जागा बसली होती. लायबा टॅब्लेटवर लिहायला लागली आणि गणूनं मान लांब करून बघितलं. अक्षरं इंग्रजी होती, पण कारणाच्या यादीतल्या कुठल्या ओळीवर तिचं बोट गेलं ते त्याला कळलं. नोटिशीत ती निकृष्ट कामाची ओळ त्यानं मनालीकडून तीनदा वाचून घेतली होती.

मग तो जो भडकला तो भडकलाच. हे काम त्याच्या गँगचं नव्हतं, तरी भडकला. झाडांना पाणी घालणाऱ्या नळ्या बागवाल्यांनी वाट पूर्ण झाल्यावर टाकल्या, त्यासाठी हे ठोकळे उचकटले, पुन्हा कसेतरी कोंबले, नळी गळतेय, खालची वाळू वाहून चाललीय आणि नाव कुणाचं, तर बसवणाऱ्याचं. एवढं सगळं त्यानं हिंदीत सांगितलं, वर मराठीतही. कानात बोंडं घातलेला एक धावणारा माणूस "साइड, प्लीज" म्हणून त्याला हातानं बाजूला करून गेला. गणू त्याच्या पाठमोऱ्या बनियनकडे बघत राहिला.

"पळ," तो म्हणाला. "आमच्याच टाळक्यावरनं पळ."

मनाली हळू आवाजात मराठीत म्हणाली, "काका, ओरडू नका. ती रिपोर्टमध्ये 'नॉन-कोऑपरेटिव्ह' लिहील."

"तू माझ्या पोरीपेक्षा लहान हायस. तू मला गप्प बसवणार?"

"तुमची पोरगी असते तर घरी गप्प बसवलं असतंत. इथं मी तुमची इंजिनिअर आहे."

गणूचा राग आणखी वाढला. तो गुडघ्यावर बसला, हातोड्याच्या दांड्यानं ठोकळे वाजवत गेला. टणक, टणक, टणक आणि एके ठिकाणी भद्द. त्यानं लायबाला बोलावलं आणि म्हणाला, इथं खाली पोकळ आहे, मधली वाळू ओली निघेल आणि नळी डाव्या हाताला फुटलेली असेल. मग पहारीनं एक ठोकळा उचलला. वाळू ओली होती. लायबानं स्वतः हात घालून डावीकडची माती उकरली. नळीच्या जोडातून पाणी बारीक बारीक उडत होतं.

तिनं फोटो काढले, आधी लिहिलेलं पुसलं आणि दुसरं कारण निवडलं. "अगला भी ऐसे ही बताइए, गणू भाई," ती म्हणाली. "पहले बताइए, फिर खोलेंगे."

तिथून पुढे दिवसाला तीच चाल पडली. खळगा आला की गणू वाजवायचा, आधी सांगायचा, मग उचकटायचा. कुठं नळी, कुठं दिव्याच्या खांबाची केबल टाकायला नंतर कुणीतरी मारलेला चर, कुठं गटाराच्या तोंडाशी फुटलेला सिमेंटचा काठ. साडेअकरापर्यंत सोळा खळगे झाले आणि एकदाही त्याचं सांगणं चुकलं नाही. लायबा त्याला प्रश्न विचारायला लागली. आवाजातला फरक कसा ओळखायचा, टाच मारली तरी कळतं का, उन्हात आणि सकाळी वेगळं वाजतं का. त्यानं तिला बुटाची टाच मारून ऐकायला शिकवलं. तिला तिसऱ्या खेपेला जमलं.

तरी त्याचा राग उतरत नव्हता, त्याला दुसरंच एक कारण होतं. इतक्या वर्षांत त्यानं शारजा, दुबई, अजमान मिळून किती वाटा बसवल्या त्याचा हिशेब नव्हता, पण त्यांतल्या एकीवरही तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला नव्हता. काम संपलं की कुंपणाचे पत्रे निघायचे, झाडू फिरायचा आणि दुसऱ्या सकाळी बस दुसऱ्या साईटवर. आज पहिल्यांदा चालत होता, तेही चोर शोधायला आणल्यासारखा. पाण्यावर अब्रा, म्हणजे उतारूंच्या लाकडी होड्या, चालल्या होत्या, पलीकडच्या काठाला काचेच्या इमारती उन्हात पेटल्या होत्या, बाकड्यावर एक म्हातारं इंग्रज जोडपं पाय पसरून सँडविच खात होतं. वाट सुंदर होती. ती सुंदर आहे हे आपल्याला दीड वर्षानं कळतंय, याचीच त्याला चीड आली.

दुपारी एक वाजता चार किलोमीटरच्या फलकाशी घाफच्या झाडाखाली गणू आणि मनाली जेवायला बसली. लायबा नमाजासाठी जवळच्या मशिदीत गेली. गणूच्या डब्यात कॅम्पमधली डाळ आणि चपात्या. मनालीनं आईनं दिलेली वांग्याची भाजी त्याच्या झाकणात वाढली आणि म्हणाली की चोवीस झाले, बहुतेक पाण्याचे, बाकी नंतरच्या खोदाईचे, काका, तुम्ही भारी आहात. गणू थोडा सैलावला.

"माझ्याकडे यायचं नाय असलं काय," तो म्हणाला. चार पॉइंट सहा किलोमीटरच्या खांबापासून शेवटपर्यंतचा भाग त्याच्या गँगनं बसवला होता. "तिकडचं एकही वळण हललं नसंल बघ. ह्या लोकांनी मान दिला नाय जागेला. नुसतं आले नि फरशी टाकून गेले."

"मान म्हणजे?"

मग त्यानं सांगितलं. त्याचा बाप जांभ्या दगडाचा गवंडी. खाणीतून चिरे काढायचे आणि घरं, कुंपणाचे गडगे बांधायचे. भिंत जिथं वळते तिथं पहिल्या चिऱ्याखाली जागेचा मान ठेवल्याशिवाय बाप पुढचा चिरा लावायचा नाही. इथं आल्यावर गणू इतकी वर्षं कामाच्या सुरुवातीला फक्त एक सुपारी वाळूत दाबायचा. पण हे शेवटचं मोठं काम, वर पाण्याच्या काठाला, आणि वाट नागासारखी वळत जाणारी. म्हणून या खेपेला त्यानं सुपारीवर भागवलं नाही. करामातल्या दुकानातून साडेतीन दिरहॅमला एक असे नारळ आणले, म्हणजे ऐंशी रुपयांना एक, असं त्यानं मोठ्यानं सांगितलं आणि प्रत्येक वळणाला एक पुरला. सकाळी साहेब यायच्या आधी. सगळी गँग हात जोडून उभी राहायची, त्यातले दोन बांगलादेशीसुद्धा.

मनालीचा घास हातातच राहिला. "किती वळणं?"

"अकरा."

"नारळ कुठं पुरला? वाळूत?"

"वाळू दोन इंच. तिच्यात नारळ मावतो होय? खालच्या रोडबेसमध्ये. वीतभर खड्डा खणायचा, नारळ ठेवायचा, वर वाळू भरायची, लेव्हल करायची."

रोडबेस म्हणजे वाळूच्या खालचा खडीमातीचा थर, रोलर फिरवून दगडासारखा घट्ट केलेला. मनालीनं आपल्या फोनवर खळग्यांची यादी उघडली, खाली सरकवली आणि बोटानं काहीतरी मोजलं. मग फोन पालथा घातला.

"हसतेस काय?" गणू म्हणाला. ती हसत नव्हती, पण ती एकदम गप्प झाली आणि शिकलेली माणसं अशी गप्प झाली की पोटात हसतात, असा त्याचा अनुभव होता. "तुमच्या पुस्तकात नसंल हे. पण माझ्या बापाची भिंत अजून उभी हाय."

"भिंत चिऱ्याची होती, काका," मनाली म्हणाली आणि डबा न संपवताच झाकण लावलं.

चार पॉइंट सहाच्या खांबाशी गणूनं बूट झटकले, देवळात शिरताना झटकावेत तसे. ठोकळ्यांची रांग सुतासारखी सरळ होती. तो लायबाला म्हणाला, यहाँ से मेरा. तिनं खाली वाकून बघितलं आणि काम अच्छा है म्हणाली. चारशे पावलं तो छाती काढून चालला.

पहिल्या वळणावर परातीएवढा खळगा होता आणि त्यात सकाळच्या झाडलोटीचं पाणी साचलं होतं.

गणू खाली बसला. दांडा मारला. भद्द. सकाळपासून तो आधी सांगत होता. आता तो मान वळवून आजूबाजूला बघायला लागला. जवळ झाड नव्हतं, नळी नव्हती, खांब नव्हता. लायबा म्हणाली, "बताइए." तो म्हणाला, पाणी असेल. ती म्हणाली, कहाँ से? त्यानं पहार घातली आणि ठोकळा उचलला.

खाली वाळू जवळजवळ नव्हतीच. भोक होतं, आणि भोकात काळी पडलेली, दोन भाग झालेली करवंटी. शेंडीचे चार तंतू अजून चिकटलेले. आजूबाजूचा रोडबेस ओला होऊन हातानं सुटत होता.

"ये क्या है?" लायबानं विचारलं.

मनाली पुढे झाली आणि भराभर हिंदीत बोलायला लागली. खाडीतून कचरा येतो, लोक पूजेचं सामान पाण्यात सोडतात, भरतीबरोबर काठाला लागतं, बागवाल्यांनी भरावात घातलं असणार. बोलताना ती गणूकडे बघत नव्हती. लायबानं फोटो काढला, लिहिलं, कचरा, स्रोत माहीत नाही. गणूनं ठोकळा परत भोकावर ठेवला.

दुसऱ्या वळणापर्यंत पाव किलोमीटर होतं. लायबा फोनवर बोलत पुढे गेली, तसा गणू मनालीच्या बरोबरीनं आला.

"काय झालंय ते सांग मला. नीट सांग."

तिनं सांगितलं. घट्ट थरात खड्डा केला की तिथला दाब गेला. भरलेली वाळू पाणी धरते. नारळ कुजून पोकळ होतो. वरून झाडलोटीचं यंत्र जातं, सायकली जातात. ओलावा बाजूच्या थरात शिरतो आणि तोही मऊ पडतो. यादीत चार पॉइंट सहाच्या पुढे अकरा नंबर आहेत. सगळे वळणावर.

"हे तुला जेवताना कळलं."

"हो."

"मग तिथंच का नाय बोललीस?"

"काय बोलणार होते? तुमचा चेहरा..." ती थांबली. "हे बघा, काका, तुम्ही काहीच बोलू नका. मी सांभाळते. एवढे पाण्याचे निघालेत, त्यात हे पण जातील. तुमचं नाव आलं तर प्रोजेक्ट मॅनेजर तुम्हाला एक दिवस ठेवणार नाही. एप्रिलचं विसरा मग."

दुसऱ्या वळणावर पुन्हा करवंटी निघाली. मनालीनं पुन्हा तेच सांगितलं, या वेळी जरा जास्तच सविस्तर. लायबानं ऐकून घेतलं. मग टॅब्लेट काखेत धरून ती वळणाच्या मध्यावर उभी राहिली, आधी मागे बघितलं, मग पुढे, आणि सरळ गणूला म्हणाली, "गणू भाई, सुबह से आपने जो बोला, मैंने लिखा. अब आप बोलिए."

"काका, नको," मनाली मराठीत म्हणाली. "प्लीज."

गणूनं हातातली करवंटी काठावर ठेवली. सकाळपासून त्यानं बागवाल्यांच्या नावानं शंख केला होता, केबलवाल्यांना शिव्या घातल्या होत्या, मुलीच्या लग्नाला गेलेल्या मुकादमालासुद्धा सोडलं नव्हतं. आणि आता हे दोन सडके नारळ त्या बागवाल्यांच्या पदरात टाकायचे. ते बागवालेही कुठलीतरी अशीच माणसं, अशाच बसमधून येणारी. त्यांचा कोण मुकादम मग रकान्यात जाणार?

"मेरा है," तो म्हणाला. "मैंने डाला. पूजा का. ग्यारह है. नौ बाकी. चलो, दिखाता हूँ."

लायबानं टॅब्लेट काखेतून काढला. गणू मनालीकडे वळला. सगळा दिवस ज्याच्या त्याच्यावर फेकलेला राग आता गोळा होऊन एका जागी आला होता, आणि तो मराठीतच बाहेर पडला.

"अठ्ठावीस वर्षं. शेकडो वाटा. एका माणसानं मला सांगितलं नाय, खालचा थर कशाला दाबतात. दोरी दिली, लेव्हल दिली, लाव म्हणाले. मला वाटायचं ते रोलरवाल्याचं काम, आपलं वरचं. तू चार वर्षं कॉलेजात बसून शिकलीस हे. मला पाच मिनिटांत सांगितलं असतंस तर मी खणला असता खड्डा? मी काय येडा हाय?"

"मला माहीत नव्हतं तुम्ही खणताय ते."

"का नव्हतं? ठोकळे लावायच्या आधी थर तपासायचा कागद असतो ना तुमचा? रोज सकाळी सही लागते. ती सही कुणाची हाय?"

मनालीच्या गालावर लाली चढली. कागदावर सही तिचीच होती. त्या महिन्यात तिच्याकडे दोन साईट होत्या. आदल्या संध्याकाळचे फोटो बघून ती ऑफिसातूनच सही करायची आणि प्रत्यक्ष यायची नऊ वाजता, तोवर गणूच्या चार रांगा लागून झालेल्या असायच्या. हे तिनं एकेक करून सांगितलं, जणू आपलंच आपण ऐकत होती. म्हणजे तिनं सांभाळते म्हटलं त्यात तिचं स्वतःचंही काही होतं, हे गणूच्या ध्यानात आलं, आणि तिच्याही ध्यानात आत्ताच येत असावं.

"म्हणून कचरा वाहून आला," तो म्हणाला.

"तुमच्यासाठीच बोलले मी."

"असशील. आणि तुझ्यासाठी पण."

लायबाला मराठी येत नव्हती, पण दोन माणसं कशावरून भांडतायत ते कळायला भाषा लागत नाही. ती चार पावलं लांब जाऊन पाण्याकडे बघत उभी राहिली.

पुढची नऊ वळणं तिघं ओळीनं चालली. गणू पुढे. वळण आलं की तो खळगा दिसायच्या आधीच जागेवर जाऊन बसायचा, कारण प्रत्येक नारळ कुठं ठेवला ते त्याला हातावरच्या रेषांसारखं आठवत होतं. ठोकळा उचलायचा, करवंटी बाहेर काढून काठावर ठेवायचा, भोक वीत लावून मोजायचा आणि आकडा ओरडायचा. लायबा लिहायची. सहाव्या ठिकाणी जमीन नुसती बोटभर बसली होती, नजरेत न भरण्याइतकी. गणूनं तीही उघडून दाखवली. नवव्या ठिकाणी नारळ जवळजवळ शाबूत निघाला. त्यानं तो हातात घेतला, कानाशी हलवला आणि खाडीत भिरकावला. लायबा म्हणाली, "वो सबूत था." गणू म्हणाला, अजून दोन आहेत.

एका वळणावर मोबाईलनं स्वतःचाच व्हिडिओ काढत चालणारी एक बाई थांबली आणि तिनं इंग्रजीत विचारलं की हे लोक चांगली वाट का खोदतायत. मनालीनं तिला उत्तर दिलं, एवढ्या तोडून की बाई फोन खाली घेऊन निघून गेली. गणूला इंग्रजी कळलं नाही, सूर कळला. पोरीला राग येतो तर, त्याच्या मनात आलं.

सातव्या किलोमीटरच्या फलकाशी शेवटचं वळण. सूर्य कलंडला होता. गणूनं अकरावं भोक उघडलं आणि तिथंच मांडी घालून बसला. लायबानं अहवालाचं शेवटचं पान उघडलं आणि त्यांना वाचून दाखवलं. चोवीस खळगे, कारण नंतरची खोदाई आणि गळणारं पाणी. अकरा खळगे, कारण बसवताना घट्ट थरात केलेले खड्डे, बसवणाऱ्यानं स्वतः दाखवले. पुढे नावाचा रकाना. गणपत मांडवकर. वाचताना तिचा आवाज थोडा खाली गेला. ती म्हणाली की त्यानं खरं सांगितलं याबद्दल ती वेगळी ओळ घालणार आहे.

"मत डालो," गणू म्हणाला. "मेहरबानी नहीं चाहिए."

"एक मिनिट," मनाली म्हणाली. तिनं टॅब्लेट मागून घेतला आणि थराच्या तपासणीच्या रकान्यात काहीतरी लिहिलं. गणूनं विचारलं काय लिहिलंस. ती म्हणाली, "माझं नाव. प्रत्यक्ष तपासणी केली नाही म्हणून." लायबानं ते वाचलं, तिच्याकडे एकदा बघितलं आणि अहवाल पाठवून दिला.

फोन दहा मिनिटांत आला. प्रोजेक्ट मॅनेजरचा. मनाली लांब जाऊन बोलली, पण त्याचा आवाज फोनबाहेर येत होता. ती परतली तेव्हा ओठ घट्ट मिटलेले होते. तिनं सांगितलं की गणूनं उद्यापासून साईटवर यायचं नाही, कॅम्पमध्ये थांबायचं, व्हिसा कॅन्सलेशनचे कागद निघतील. तिचं काय ते सोमवारी मीटिंगमध्ये ठरेल. आणि एवढा वेळ तुम्ही एकत्र होता तर तोंड बंद ठेवता आलं नाही का, असंही तो म्हणाला.

गणूनं मान हलवली. सत्यभामेला आज सांगायचं की उद्या, एवढंच त्याच्या मनात आलं. मग त्यानं समोरच्या भोकाकडे बघितलं.

"हे कोण भरणार?"

"मेंटेनन्सची टीम येईल. उद्या-परवा. तोपर्यंत वर ठोकळा ठेवून देऊ."

"वाळू भरून?"

मनालीनं मान डोलावली. रस्त्यावरून पिकअपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरनं खिडकीतून हात काढून ओरडून सांगितलं, "यल्ला, गणू भाई, ड्यूटी खलास."

"नाय खलास," गणू म्हणाला. "बाकीच्या दहांवर पट्टी लाव, रस्त्यावरचे ते लाल कोन लाव, काय ते कर. पण एक तरी मी माझ्या हातानं भरून जाणार. नीट. तुमच्या पुस्तकाप्रमाणं."

वाटेच्या टोकाला पत्र्याच्या कुंपणाआड कंपनीचं उरलेलं सामान पडलेलं होतं, आणि त्यात रोडबेसचा छोटा ढीग. लायबानं आपल्या अधिकारात कुंपणाचं दार उघडायला लावलं. मशीन नव्हतं, पण कोपऱ्यात माती ठोकायची लोखंडी धुम्मस उभी होती. गणूनं तुटक्या बादलीतून खडीमाती वाहून आणली आणि बाजूचा सुटलेला भाग खरवडून भोक मोठं केलं. हॉर्न पुन्हा वाजला. मनालीनं त्या दिशेला हात उडवला, थांब म्हणून.

गणू सगळी माती एकदम ओतायला निघाला तशी ती म्हणाली, "सगळी नको. तीन बोटं आधी. मग ठोका. मग पुढची तीन बोटं."

"का?"

"एकदम भरलं तर वरचं घट्ट होतं, खालचं तसंच सुटं राहतं. मार खालपर्यंत जातच नाही."

"पाणी किती?"

ती खाली बसली. नव्या पँटचा विचार न करता तिनं मूठभर माती घेतली, बाटलीतलं पाणी शिंपडलं, मूठ दाबली आणि उघडली. मातीचा गोळा बोटांच्या खुणांसकट उभा राहिला. "असा राहिला पाहिजे. आणि हात ओला होता कामा नये. जास्त पाणी झालं तर दबतच नाही, चिखल होतो."

गणूनं आपली मूठ भरली, दाबली, उघडली. गोळा राहिला. तो त्याच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या जबड्याची शीर उडायला लागली.

"एवढंच?"

"एवढंच."

"एवढंच होतं तर साल्यांनी..." त्यानं वाक्य सोडून दिलं, धुम्मस उचलली आणि दाणकन आपटली. पुन्हा आपटली. खांद्यापासून, दात आवळून, जणू खाली कुणाचं तरी डोकं होतं. धावणारी माणसं आता थोडी दुरून वळसा घालून जात होती. तीन बोटांचा थर दबला तेव्हा त्यानं टाचेनं वाजवून बघितलं, आणि लायबानंही, न सांगता, स्वतःची टाच मारली.

"ठीक है," ती म्हणाली.

"अजून दहा मारा," मनाली म्हणाली.

गणूनं तिच्याकडे रागानं बघितलं आणि दहा मारले. मग दुसऱ्या थराची माती ओतत म्हणाला, "आता वाळू दोनच इंच का घालतात, तेपण सांग. आणि हळू सांग, मला घाई नाय."

रस्त्यावर ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.